एएन-३२ च्या जागी काय येणार? हवाई दलाच्या मालवाहू विमानांबद्दल

परळीखोरे
मंडळी, नमस्कार. गेल्या आठवड्यात पुतण्या मोबाईल घेऊन आला. सी-२९५ चा व्हिडिओ होता. नवंकोरं करडं विमान, मागचा रॅम्प उघडलाय, जवान धडाधड उतरताहेत. मला म्हणाला, "काका, तुमची ती जुनी एएन-३२ आता भंगारात काढणार ना?" त्याला मी काहीच बोललो नाही, पण रात्री बराच वेळ डोळा लागला नाही. म्हणून हा धागा.

हवाई दलात मी इंजिन फिटर होतो. नोकरीतली बरीच वर्षं एएन-३२ वर गेली, आधी जोरहाटला आणि मग कानपूरच्या बेस रिपेअर डेपोत. ज्यांनी हे विमान जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: बहुतेक पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांची इंजिनं पंखाला समोरून किंवा खालून जोडलेली असतात, हिची मात्र पंखाच्या वर चढवून बसवली आहेत. कारण पंखाच केवढा, तर ४.७ मीटर व्यासाचा. खाली बसवला असता तर जमिनीला लागला असता, आणि कच्च्या धावपट्टीवरचे खडे उडून पात्यांवर आले असते. त्यामुळे इंजिनाचं काम म्हणजे शिडीने पंखावर जायचं. जोरहाटला थंडीत पहाटे दवाने पंख इतका निसरडा व्हायचा की आधी पुढची दोन हात जागा पोत्याने पुसायची आणि मगच पाऊल टाकायचं. इंजिनामागे पंखावर धुराचा काळा ओघळ उमटलेला असे. रोज तो सारखाच दिसला तर चिंता नाही. एखाद्या दिवशी त्यावर तेलकट चकाकी दिसली की सकाळची सॉर्टी, म्हणजे उड्डाण, लांबली तरी चालेल, पॅनेल उघडायचंच. आमच्या वॉरंट ऑफिसरसाहेबांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट हीच.

हे विमान आपल्यासाठीच घडवलेलं आहे. कीव्हच्या आंतोनोव्ह संस्थेने एएन-२६ चा सांगाडा घेतला आणि लेह-थोईससारख्या उंच जागा आणि आपला उन्हाळा झेपेल अशी जवळजवळ दुप्पट ताकदीची इंजिनं त्यावर चढवली. १९८४ पासून ती हवाई दलात आली, सव्वाशेच्या आसपास घेतली. डाकोटा, पॅकेट, कॅरिबू या सगळ्या जुन्या विमानांची कामं हळूहळू हिच्याकडे आली. आजही शंभराच्या घरात उडताहेत. चाळीस वर्षं झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे की जुनं काढून नवं आणणं हे गाडी बदलण्यासारखं नाही. नवं विमान कुठे उतरणार, आणि तिसाव्या वर्षी त्याचा सुटा भाग कुठल्या देशातून येणार, हे दोन प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवेत. ते आपण वेळेवर विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमची मतं लिहा.

निशिगंध
काका, तुमचं लिखाण वाचून डोळ्यात पाणी आलं. माझे मिस्टर पायदळात होते, सियाचीनची एक टेन्युअर त्यांनी केली. आमच्यासाठी एएन-३२ म्हणजे एसटी होती. ते तिला "कुरिअर" म्हणायचे. चंदीगडहून लेहला, थोईसला. हिवाळ्यात झोजी ला बंद, रोहतांग बंद, मग वर जायचा आणि खाली यायचा एकच रस्ता, आकाशातून.

एका सुट्टीत त्यांचे चार दिवस येताना हवामानात गेले. रोज पहाटे सामान बांधून धावपट्टीवर यायचं, वर ढग, परत बरॅकीत. घरी आल्यावर पहिला दिवस त्यांना ऐकूच कमी येत होतं. दोन्ही बाजूंना कापडी बाकं, मध्ये दोरखंडाने आवळलेला माल, आणि इतका आवाज की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. कापसाचे बोळे कानात घालून बसायचे सगळे.

दिवाळीला मी फराळाचा डबा पाठवला होता. चकल्यांचा चुरा झाला होता, पण अनारसे शाबूत पोचले. त्यांनी पत्रात लिहिलं होतं की तो चुरा अकरा जणांनी चमच्याने वाटून खाल्ला. म्हणून मला कुणी हिला भंगार म्हटलेलं आवडत नाही. तरीही त्या प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मी देवाजवळ दिवा लावून बसायचे हेही खरं.

आकडेमोड
चांगला धागा. काका, एक प्रामाणिक प्रश्न. कागदावर एएन-३२ साधारण पावणेसात टन नेते, सी-२९५ नऊ टनांपर्यंत. नवं विमान, नवी उपकरणं, इंधनही कमी. ५६ ची मागणी आहेच, कारखानाही उभा राहिलाय. मग आणखी शंभर सी-२९५ मागवली की विषय संपला, असं का नाही?

परळीखोरे
@आकडेमोड, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी विचारलात. ५६ सी-२९५ आहेत त्या ॲव्हरो या त्याहून जुन्या वाहतूक विमानाच्या बदली, एएन-३२ च्या नव्हे. दोन्ही पंख्याचीच विमानं असल्यामुळे लोकांची गल्लत होते.

आता ताकद बघा. एएन-३२ चं एक इंजिन ५,१८० अश्वशक्तीचं. दोन मिळून दहा हजारांवर, आणि विमानाचं कमाल वजन २७ टन. सी-२९५ चं एक इंजिन २,६४५ अश्वशक्तीचं, कमाल वजन २३ टनांच्या थोडं वर. म्हणजे एका टनामागे एएन-३२ कडे सुमारे ३८० अश्वशक्ती, सी-२९५ कडे सुमारे २३०. बडोद्यात किंवा आग्र्यात हा फरक जाणवणार नाही, उलट सी-२९५ स्वस्तात काम करेल. पण लेह साडेदहा हजार फुटांवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के दाट. लडाखमधली दौलत बेग ओल्डीची धावपट्टी साडेसोळा हजार फुटांच्या वर, तिथे साठ टक्के. हवा विरळ झाली की पंखाला उचलायला कमी मिळतं, पंख्याला ढकलायला कमी मिळतं आणि इंजिनाला श्वास घ्यायलाही कमी मिळतं. तिन्ही मार एकदम बसतात. वर उन्हाळ्याची दुपार असेल तर आणखी.

उंचावर कुठल्याही विमानाला भार कमी करावाच लागतो. कमी केल्यावर हातात किती उरतं, हा खरा हिशेब. आणि एक इंजिन ऐन उड्डाणात बंद पडलं तर उरलेल्या एकावर दरीतून बाहेर पडता आलं पाहिजे. एएन-३२ ला एवढी मोठी इंजिनं दिली ती याचसाठी. ३१ मे २००८ ला हीच एएन-३२ दौलत बेग ओल्डीला उतरली. त्याआधी तिथे ४३ वर्षं असं विमान उतरलं नव्हतं.

आणि त्याही आधीची गोष्ट आपल्या लोकांना माहीत असावी म्हणून सांगतो. २३ जुलै १९६२ ला तिथे पहिल्यांदा विमान उतरवलं ते स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी, पॅकेटमधून. पॅकेटची दोन इंजिनं तिथे पुरत नव्हती, म्हणून आपल्या लोकांनी तिच्या पाठीवर एक जेट इंजिन बसवलं होतं. उंचीचा प्रश्न आपल्याला साठ वर्षांपासून ठाऊक आहे.

मांडवी_बडोदे
मी बडोद्याचा. आमच्या घरी पाच पिढ्या मराठी आहे, त्यामुळे इथे लिहायला आनंद वाटतो.

२८ ऑक्टोबर २०२४ ला टाटांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, पंतप्रधान मोदी आणि स्पेनचे पंतप्रधान सांचेझ दोघेही आले होते. लक्ष्मी विलास पॅलेसकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुतर्फा गर्दी. माझे वडील त्या दिवशी खुर्ची घेऊन रस्त्यावर बसले होते, वय ८१. त्यांना एकच कौतुक: खाजगी कारखान्यात हवाई दलाचं अख्खं विमान बनणार, आणि ते आपल्या गावात. ११ क्रमांकाची स्क्वाड्रन, जी सी-२९५ उडवते, तीही इथेच आहे. त्यामुळे आता आकाशात दिवसाआड ते विमान दिसतं.

माहिती थोडक्यात: २४ सप्टेंबर २०२१ चा करार, २१,९३५ कोटी रुपये. ५६ पैकी १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार यायची होती. पहिलं सप्टेंबर २०२३ मध्ये ताब्यात मिळालं, सोळावं ऑगस्ट २०२५ मध्ये. उरलेली ४० इथे बनणार.

पण काका म्हणतात तो उशीर मलाही सलतो. ॲव्हरो बदलायची मंजुरी २०१२ ची. निविदेला उत्तर देणारा शेवटी एकच उरला, मग एकट्याशी व्यवहार करायचा की नाही यावर वर्षं गेली. मंजुरीपासून सहीपर्यंत नऊ वर्षं! तेवढ्या वेळात एक मूल चौथीत जातं.

गंगाकिनारा
ॲव्हरोचा विषय निघालाच आहे म्हणून. माझे वडील कानपूरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात ॲव्हरोच्या जुळणीवर होते. (आम्ही मूळचे बिठूरचे, पेशव्यांबरोबर तिकडे गेलेल्या घराण्यांपैकी.) कानपूरला जुळवलेली पहिली ॲव्हरो १ नोव्हेंबर १९६१ ला उडाली. स्वतंत्र देशाला चौदा वर्षं झाली होती फक्त. तिला "सुब्रतो" नाव दिलं होतं, एअर मार्शल सुब्रतो मुखर्जींच्या आठवणीत. एकूण ८९ बनल्या, काही इंडियन एअरलाइन्सकडेही होत्या.

ॲव्हरोला मागे रॅम्प नाही. मूळ प्रवासी विमान ते. बाजूच्या दारातून सगळं चढवायचं. तरी साठ वर्षं तिने साहेबांना, जवानांना, औषधांना वाहून नेलं, आणि असंख्य वाहतूक वैमानिक तिच्यावर शिकले.

मला जी गोष्ट टोचते ती ही की ऐंशीच्या दशकात ॲव्हरोची लाईन थांबली आणि त्यानंतर तिच्याएवढं विमान आपण परत बनवलं नाही. डॉर्नियर बनवतो, पण ते लहान. वडिलांच्या शॉपमधले रिव्हेट मारणारे, जिग बसवणारे हात निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखाली कुणी उरलंच नाही. ते म्हणायचे, कारखान्याची इमारत बंद ठेवता येते, हात बंद ठेवता येत नाहीत. आज बडोद्याला तीच विद्या पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागतेय.

मध्ये रशियाबरोबर मिळून नवं वाहतूक विमान बनवायचा करार झाला होता, २००७ ला. एचएएल अर्धी भागीदार. इंजिनावरून, खर्चावरून, वेळेवरून मतभेद होत गेले आणि दहाएक वर्षांत तो गुंडाळला. ते विमान झालं असतं तर आज हा धागा लागला नसता.

कोकणकडा
सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. २०२० ला अटल बोगदा झाला, नऊ किलोमीटरचा. झोजी लाचा बोगदा होतोय. दौलत बेग ओल्डीपर्यंत २५५ किलोमीटरचा रस्ता झालाय. बारमाही रस्ते झाले की विमानाने पीठ-तांदूळ-रॉकेल नेण्याची गरज कमी होणार. एक ट्रक जेवढा नेतो तेवढं न्यायला विमान किती इंधन जाळतं? मग साठ-ऐंशी मोठी विमानं घेण्याआधी गरजेचा हिशेब पुन्हा करायला नको का? तोच पैसा तोफांना, ड्रोनला जाऊ शकतो.

निशिगंध
@कोकणकडा, दादा, रस्ते व्हायलाच हवेत. पण रस्त्यावर दरड येते. जखमी माणूस ट्रकमध्ये दोन दिवस थांबू शकत नाही. मिस्टरांच्या कंपनीतल्या एका मुलाच्या फुप्फुसात पाणी झालं होतं, त्याला खाली आणलं ते याच विमानाने. रस्त्याने आणायचा असता तर त्याच्या आईला तो दिसला नसता.

परळीखोरे
@कोकणकडा, तुमचा मुद्दा मी अर्धा मानतो. रोजचा शिधा रस्त्याने जाऊ द्या, तेच शहाणपणाचं आहे. पण वाहतूक विमान रोजच्यासाठी ठेवायचं नसतं. २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिली शीख बटालियन डाकोटांमधून श्रीनगरला उतरली. त्या सकाळी रस्त्याने निघाले असते तर काय झालं असतं ते सांगायला नको. ३ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री आग्र्याहून इल्युशिन-७६ निघाली आणि छत्रीधारी सैनिक थेट मालदीवला उतरले. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात धरासूच्या छोट्या धावपट्टीवर सी-१३० ने इंधन नेऊन ओतलं, म्हणून हेलिकॉप्टर उडत राहिली. २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपाला, सुदानमधून लोक आणायला, पुन्हा हीच विमानं. यातला एकही दिवस आधी कॅलेंडरवर लिहिलेला नव्हता.

अरुणाचलचं तर वेगळंच आहे. मेचुकाला जाताना दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये नदी, आणि ढग कधी खाली येतील सांगता येत नाही. मी जोरहाटहून मेचुकाची विमानं सोडलेली आहेत. विमान परत दिसेपर्यंत आम्ही चहाला जात नसू.

आकडेमोड
मग मोठ्या विमानाकडे येऊ. डिसेंबर २०२२ मध्ये हवाई दलाने मध्यम वाहतूक विमानासाठी माहिती मागवली: १८ ते ३० टन भार नेणारं, आणि ४०, ६० किंवा ८० विमानांचा वेगवेगळा खर्च सांगा. समोर तिघे आहेत. ब्राझीलच्या एम्ब्राएरचं सी-३९०, बरोबर महिंद्रा. अमेरिकेच्या लॉकहीडचं सी-१३०जे, बरोबर टाटा. आणि युरोपातल्या एअरबसचं ए-४००एम.

माझा अंदाज असा की १८-३० टन ही अट "झोरावर" हलक्या रणगाड्याकडे बघून आहे. तो २५ टनांचा. सी-१३०जे कमाल वीस टनांच्या आसपास, म्हणजे तिथे ते बसत नाही. सी-३९० २६ टन, काठावर बसतं. ए-४००एम ३७ टनांपर्यंत, आरामात, पण किमतीत फार वर. काका, तुम्ही कुठलं निवडाल?

परळीखोरे
मला आवडणारं विमान सी-१३०जे. आपल्याकडे बारा आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला ते दौलत बेग ओल्डीला उतरलं, २०२४ च्या जानेवारीत कारगिलला रात्री उतरलं. हैदराबादेत त्याच्या शेपटीचा भाग टाटांच्या कारखान्यात बनतो आणि जगभरच्या सी-१३०जे ना लागतो. चार पंखे आहेत, एक बंद पडला तरी तीन उरतात. डोंगरात काम केलेल्या माणसाला याची किंमत कळते.

पण झोरावर त्यात जात नसेल तर आवडीला अर्थ नाही. २०२० मध्ये गलवाननंतर रणगाडे लडाखला घाईने नेले ते सी-१७ आणि इल्युशिनने. ती थोडीच आहेत. सी-१७ तर फक्त अकरा. बोईंगने ते बनवणं २०१५ ला थांबवलं, आपण आणखी घ्यायचा विचार करेपर्यंत लाईन बंद झालेली, शेवटी एकच उरलेलं मिळालं. म्हणून मधल्या वजनाचं विमान आता लागणारच.

सी-३९० बद्दल मी शिकून घेतलं. जेट आहे, वेगवान आहे. इंजिन आहे व्ही-२५००, जुन्या एअरबस ए-३२० वर असायचं ते. आपल्या देशात ते इंजिन हाताळलेले फिटर भरपूर आहेत, ही जमेची बाजू. पण नव्या ए-३२० वर आता दुसरी इंजिनं येतात. म्हणजे वीस-तीस वर्षांनी व्ही-२५०० चा सुटा भाग कोण बनवत असेल? करार करताना हा प्रश्न टेबलावर ठेवून, भाग बनवायचा हक्क आणि साचे आपल्याकडे येणार असतील, तर मी सी-३९० ला हात वर करेन. नाहीतर नाही.

सी-२९५ मध्ये ही गोष्ट चांगली जमली आहे. त्याचं पीडब्ल्यू-१२७ घराण्याचं इंजिन म्हणजे कोल्हापूरला येणाऱ्या पंख्याच्या एटीआर विमानांच्या इंजिनाचंच भावंड. जगात हजारो आहेत. त्याचा बेअरिंग मिळत नाही म्हणून विमान उभं राहिलंय, असं लवकर होणार नाही.

चेन्नईवासी
मी तांबरमजवळ राहतो. तुम्ही सगळे विमानांची नावं लिहिताय, मला एक तारीख लिहाविशी वाटली. २२ जुलै २०१६. सकाळी इथून एएन-३२ पोर्ट ब्लेअरला निघालं, २९ माणसं. समुद्रावर असताना रडारवरून गेलं. जहाजं, विमानं, उपग्रह, सगळं लावलं, काही सापडलं नाही. साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, इथल्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीला ३,४०० मीटर खोल तळाशी अवशेष दिसले. किनाऱ्यापासून ३१० किलोमीटरवर.

घरच्यांनी ती साडेसात वर्षं कशी काढली असतील? परळीखोरे काका, नव्या विमानात किमान शोधणं तरी सोपं होईल ना? जुन्यांत ती यंत्रं बसवता येत नव्हती का?

परळीखोरे
याचं उत्तर लिहायला दोन दिवस घेतले. विचारलंत ते योग्य केलंत.

बसवता येत होती, बसवायचं ठरलंही होतं. २००९ मध्ये युक्रेनशी करार झाला, १०५ एएन-३२ नव्या करायच्या. ४० तिकडे जाऊन यायच्या, ६५ आमच्या कानपूरच्या डेपोत. आयुष्य २५ वरून ४० वर्षांवर न्यायचं, नवी दिशादर्शन यंत्रणा, डोंगर जवळ आला की आधी सांगणारी यंत्रणा, आपत्कालीन संकेत देणारी नवी उपकरणं. तिकडची ४० ठरल्याप्रमाणे होत आली. मग २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला. आमच्याकडे यायचे संच थांबले. हँगरमध्ये विमान उघडून ठेवलेलं आणि पुढच्या कामाची पेटी येत नाही, ही अवस्था मी डोळ्यांनी बघितली आहे. रोज सकाळी स्टोअरमध्ये जाऊन विचारायचं, आणि तोंड बघूनच उत्तर कळायचं.

जून २०१९ मध्ये जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ गेलं, तेरा जण. आठ दिवसांनी लिपोजवळ बारा हजार फुटांवर अवशेष दिसले. ते जुन्या उपकरणांचं विमान होतं. नवी यंत्रणा असती तर वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, चौकशी करणं माझं काम नव्हतं. पण मिळाली असती तर त्या वैमानिकांच्या हातात आणखी एक साधन असतं, एवढं नक्की.

एएन-३२ ची एआय-२० इंजिनं युक्रेनमधल्या झापोरिझ्झ्याची. २०२२ पासून युद्धाच्या बातम्यांत ते नाव रोज येतं. ते ऐकलं की माझ्या डोळ्यासमोर लढाई येत नाही. एआय-२० च्या कंप्रेसरची पाती येतात, लाकडी पेटीत कागदात गुंडाळलेली, पेटीवर त्याच गावाचा शिक्का. विकत घेताना ते एकच राज्य होतं, सोव्हिएत संघ. सात-आठ वर्षांत त्याचे तुकडे झाले. तीस वर्षांनी त्यातल्याच दोन तुकड्यांची लढाई सुरू झाली. १९८४ ला हे कुणाला दिसणार होतं? म्हणून म्हणतो, आज ब्राझील, स्पेन, अमेरिका कितीही जवळची वाटली तरी साचे, आराखडे आणि हात आपल्याकडे हवेत.

गंगाकिनारा
काका, कानपूरच्या डेपोने तरीही बरीच विमानं स्वतःच्या बळावर उभी केली, हे इथे नोंदवायला हवं. वडिलांचे मित्र तिथे होते. बाहेरून भाग येईना तेव्हा इथल्या छोट्या कारखान्यांकडून नमुने बनवून, तपासून घेतले त्यांनी.

परळीखोरे
@गंगाकिनारा, हो, खरं आहे. त्या लोकांचं नाव कुठे छापून येणार नाही, पण आज शंभर विमानं उडताहेत ती त्यांच्यामुळे. डिसेंबर २०१८ मध्ये चंदीगडला ज्या एएन-३२ ने जट्रोफाच्या तेलापासून केलेलं दहा टक्के जैवइंधन घालून उड्डाण केलं, तेही याच चाळिशीकडे झुकलेल्या इंजिनांवर. नंतर त्याच इंधनावर ती लेहलाही उतरली.

कोकणकडा
काका, निशिगंधताई, माझं मत थोडं बदललं आहे. विमानं लागणार हे मान्य. आकडा किती, यावर मी अजून साशंक आहे. साठ की ऐंशी हे ठरवताना रस्ते पूर्ण झाल्यावरची गरज धरावी, एवढंच म्हणेन. आणि बदल पूर्ण व्हायला दहा वर्षं लागणार असतील, तर तोवर जुन्यांचं काय?

परळीखोरे
तोवर जुनीच उडणार. नवं विमान आज ठरलं तरी पहिली स्क्वाड्रन उभी राहायला चार-पाच वर्षं जातात. वैमानिक शिकायला लागतो, फिटर शिकायला लागतो, हँगरची दारं उंच करावी लागतात, सुट्या भागांचं कोठार भरावं लागतं. एएन-३२ एका दिवसात जाणार नाहीत, एकेक स्क्वाड्रन करून जातील. शेवटची जी उरतील त्यांची काळजी सगळ्यात जास्त घ्यावी लागेल, कारण तेव्हा सगळ्यांचं लक्ष नव्याकडे असेल.

नवाभरती
नमस्कार काका. मी जावळी तालुक्यातला. एअरमन म्हणून निवड झाली आहे, टेक्निकल ट्रेड मिळाला. पुढच्या महिन्यात बेळगावला ट्रेनिंगला जातोय. संपूर्ण धागा वाचला. पुढे मला एएन-३२ मिळालं तर जुनं विमान म्हणून वाईट वाटून घेऊ नये हे कळलं. जोरहाटसारख्या ठिकाणी पोस्टिंग झालं तर सोबत काय ठेवावं?

परळीखोरे
बाळा, अभिनंदन. आईवडिलांना माझा नमस्कार सांग.

सोबत कापडी हातमोज्यांचे दोन जोड ठेव, एक ओला होतोच. टॉर्चला दोरी बांध आणि ती मनगटात अडकव, पंखावरून खाली पडली की शोधण्यात अर्धा तास जातो. बुटांचा तळ गुळगुळीत झाला की लगेच बदल, पैसे वाचवू नकोस. पुसायला गोणपाट हँगरमध्ये मिळेल, पण स्वतःचा तुकडा वेगळा ठेव.

आणि पॅनेल बंद करण्याआधी हत्यारं मोजायची. पेटीत जेवढी घेऊन चढलास तेवढी परत दिसली पाहिजेत. एक पाना कमी भरला तर सगळं पुन्हा उघडायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. कुणी घाई केली तर माझं नाव सांग, म्हणावं साताऱ्याच्या काकांनी मोजायला सांगितलंय. बेळगावला पोचलास की इथे कळव.